मॉन्टेरे काउंटी: डोंगराच्या दोन्ही बाजूंनी

कॅलिफोर्नियातल्या बे एरियातली आपली मंडळी मॉन्टेरेला जातात म्हणजे बहुतेक वेळा अ‍ॅक्वेरियम, सतरा मैलांचा ड्राइव्ह आणि बिक्सबी पुलावरचा फोटो. संध्याकाळी परत. आई-बाबा भारतातून आले की त्यांनाही हाच फेरा घडतो. आम्ही या वेळी ठरवून वेगळं केलं. किनारा पाहिलाच, पण डोंगर ओलांडून पलीकडच्या सलिनास खोऱ्यातही पुरेसा वेळ घालवला. तसं केलं नाही तर ही काउंटी अर्धीसुद्धा कळत नाही, असं माझं आता ठाम मत आहे. बघण्यासारखा समुद्र एका बाजूला आहे आणि माणसं दुसऱ्या बाजूला.

काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा. आमचे बाबा रत्नागिरीचे, म्हणून त्यांना तोच हिशेब सांगितला. रत्नागिरी जिल्ह्याचं क्षेत्रफळ ८,२०८ चौरस किमी, मॉन्टेरे काउंटीची जमीन सुमारे ८,५०० चौरस किमी. दोन्हीकडे पश्चिमेला समुद्र आणि पूर्वेला डोंगर. फरक आहे तो वस्तीचा. रत्नागिरीत २०११च्या जनगणनेत १६ लाखांवर लोक होते, इथे २०२०मध्ये ४,३९,०३५. त्यातलेही दीड लाखाहून जास्त एकट्या सलिनास शहरात, आणि तेच काउंटीचं मुख्य ठिकाण. ज्याच्या नावाने काउंटी ओळखली जाते त्या मॉन्टेरे गावात जेमतेम ३० हजार लोक राहतात. कार्मेल तर ३,२०० लोकांचं गाव. कार्मेलच्या दक्षिणेला बिग सरचा एवढा लांब किनारा, पण तिथली वस्ती एखाद्या मध्यम खेड्याइतकी.

सॅन होजेहून १०१ नंबरच्या हायवेने गिल्रॉय, प्रुनडेल, मग १५६ने कॅस्ट्रोव्हिल आणि हायवे १. रहदारी नसेल तर दीड तास पुरतो. शनिवारी सकाळी नऊनंतर निघालात तर हा अंदाज विसरा. मॉन्टेरेला पोचायची घाई न करता आधी मॉस लँडिंगला थांबा. वीजकेंद्राच्या दोन उंच चिमण्या लांबूनच दिसतात. गाव अगदी छोटं, मासेमारीचं. पण त्याच्या बंदराच्या तोंडापासूनच समुद्राखाली एक प्रचंड दरी सुरू होते. मॉन्टेरेची ही समुद्राखालची दरी खोल उतरत जाते ती समुद्रसपाटीखाली ३,६०० मीटरपर्यंत. किनाऱ्याच्या इतक्या जवळ इतकं खोल पाणी असल्यामुळे देवमासे इथे अगदी काठाजवळ येतात. डिसेंबर ते एप्रिल करडे देवमासे, उन्हाळ्यात आणि त्यानंतर हंपबॅक, नशीब असेल तर निळेसुद्धा. बोटीचा प्रवास तीन-चार तासांचा असतो आणि बोट चांगलीच हलते. ज्यांना बोट लागते त्यांनी गोळी निघण्याआधी घ्यावी, मळमळायला लागल्यावर नाही. आईला आम्ही बोटीत नेलंच नाही. तिच्यासोबत एल्कहॉर्न स्लूच्या काठाने चाललो. ही खाडी आहे, भरती-ओहोटीचं पाणी आत येतं, आणि पाठीवर तरंगत शिंपले फोडणारे समुद्री ऑटर इथे सहज दिसतात. फरसाठी यांची एवढी शिकार झाली होती की कॅलिफोर्नियातून ते संपले असंच लोक धरून चालले होते. १९३८मध्ये बिक्सबी खाडीजवळ पन्नासेकांचा कळप दिसला. आज या राज्यात तीन हजारांच्या आसपास ऑटर आहेत, ते त्या उरलेल्या थोड्यांचेच वंशज.

आता धुक्याचं. जून ते ऑगस्ट म्हणजे अमेरिकेत कडक उन्हाळा, म्हणून लोक अर्ध्या बाह्यांचे शर्ट घेऊन येतात आणि कुडकुडतात. वसंतात आणि उन्हाळ्यात वायव्येचा वारा किनाऱ्यालगत वाहतो, पृष्ठभागाचं पाणी बाहेर ढकलतो आणि खालचं थंडगार पाणी वर येतं. त्या पाण्यात पोषक द्रव्यं भरपूर असतात. त्यावर शैवाल वाढतं, केल्प या उंच समुद्री शैवालाची जंगलं वाढतात, मासे पोसले जातात. त्याच थंड पाण्यावरून आलेली दमट हवा धुकं होऊन जमिनीवर चढते. जुलैत मॉन्टेरेला दुपारी १८ अंश सहज असतं, त्याच वेळी सॅन होजेत ३० असेल. स्वेटर आणि वारा अडवणारं जाकीट न्याच. स्वच्छ ऊन हवं असेल तर सप्टेंबर-ऑक्टोबर.

मॉन्टेरे गावात लोक केनरी रोकडे धावतात. मी म्हणेन, आधी जुन्या बंदरावरच्या कस्टम हाउसला जा. सेबास्तियान व्हिस्काइनो हा स्पेनचा दर्यावर्दी १६०२च्या डिसेंबरमध्ये इथे आला आणि त्याने व्हाइसरॉयच्या नावावरून या जागेला मॉन्टेरे म्हटलं. त्याने या उपसागराचं वर्णन इतकं सुरक्षित बंदर म्हणून करून ठेवलं होतं, की १६७ वर्षांनी गास्पार दे पोर्तोला खुष्कीच्या मार्गाने इथे आला तेव्हा त्याला जागा ओळखताच आली नाही. तो तसाच पुढे गेला आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरापाशी पोचला. दुसऱ्या वर्षी, ३ जून १७७० रोजी, इथे लष्करी ठाणं आणि मिशन, म्हणजे ख्रिस्ती धर्मप्रसाराचं केंद्र, उभं राहिलं. पुढे स्पेनच्या आणि नंतर मेक्सिकोच्या कॅलिफोर्नियाची ही राजधानी. परदेशी जहाजांना आधी इथे येऊन जकात भरावी लागे. कातडी आणि चरबी देऊन त्या बदल्यात कापड, भांडी, साखर मिळे. १८२७च्या सुमाराचं ते जकातघर राज्यातली सर्वांत जुनी सरकारी इमारत मानतात. याच इमारतीवर ७ जुलै १८४६ला कमोडोर स्लोटने अमेरिकेचा झेंडा चढवला. तिथून चालत दहा मिनिटांवर कोल्टन हॉल. १८४९च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ४८ प्रतिनिधींनी त्याच्या वरच्या मजल्यावर बसून कॅलिफोर्निया राज्याची घटना लिहिली, आणि ती इंग्रजी व स्पॅनिश अशा दोन्ही भाषांत छापली. आत टेबलं, खुर्च्या, दौती मांडून ठेवल्या आहेत. तिकीट नाही, गर्दी नाही. बाबा तिथून हलायला तयार नव्हते.

मिशन १७७१मध्ये कार्मेलला हलवलं गेलं आणि आज तेच सगळे पाहतात. वास्तू सुंदर आहे, बाग तर फारच. पण रम्सेन, एसेलेन, सलिनान या मूळ लोकांचं काय झालं तेही तिथे उभं राहून आठवावं. मिशनच्या शिस्तीत राबून आणि बाहेरून आलेल्या रोगांनी ही माणसं भराभर मेली, उरलेली विखुरली. २०२०मध्ये एसेलेन जमातीला बिग सरच्या डोंगरात सुमारे १,२०० एकर जमीन परत मिळाली, अडीचशे वर्षांनंतर.

केनरी रो आज हॉटेलं आणि दुकानांनी भरलेला आहे. एके काळी इथे सार्डिन डबाबंद करणारे कारखाने ओळीने होते. सिसिलीहून आलेले कोळी, कारखान्यात इटालियन, जपानी, फिलिपिनो, पोर्तुगीज बायका-पुरुष. मासळी आली की भोंगा वाजे आणि रात्री-अपरात्री कामावर धावावं लागे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बेसुमार मासे काढले, समुद्राचं चक्रही फिरलं, आणि १९५०च्या आसपास सार्डिन जवळजवळ नाहीसे झाले. होव्हडेन कारखाना १९७३पर्यंत कसाबसा टिकला. त्याच जागी १९८४मध्ये अ‍ॅक्वेरियम उघडलं. तिकीट महाग आहे, तरी माझ्या मते पैसे वसूल होतात. ते ऑनलाइन आधीच काढा आणि उघडताक्षणी आत शिरा. केल्प जंगलाच्या उंच टाकीसमोर बाकांवर जागा मिळवायची तर हाच मार्ग. वयस्कर माणसांसाठी व्हीलचेअर मागितल्यावर मिळते, संकोच करू नका.

अ‍ॅक्वेरियमच्या शेजारीच पॅसिफिक ग्रोव्हच्या हद्दीत हॉपकिन्स सागरी संशोधन केंद्र आहे. त्या खडकाळ टोकावर पूर्वी चिनी कोळ्यांची वस्ती होती. दिवसा इतर कोळी त्रास देत म्हणून हे लोक रात्री मशाली पेटवून म्हाकुळ पकडत. जमिनीच्या मालक कंपनीला ते तिथे नको होते. १६ मे १९०६ला वस्ती जळाली, आणि लोकांना पुन्हा घरं बांधू दिली नाहीत. किनाऱ्याच्या पायवाटेवरून जाताना तिथे दोन मिनिटं थांबावं एवढंच माझं सांगणं.

कार्मेलच्या दक्षिणेचं पॉइंट लोबोस हे किनाऱ्यावरचं राखीव उद्यान चुकवू नका. गाडीची जागा फार कमी, सकाळी साडेनऊपर्यंत भरते, बाहेर हायवेच्या कडेला गाडी लावून चालत जाणं धोक्याचं. तिथली व्हेलर्स केबिन १८५०च्या दशकात चिनी कोळ्यांनी बांधली. जमिनीखालच्या तुळयांना आधार म्हणून देवमाशाचे मणके वापरलेत, ते वाकून पाहता येतात. जवळच्या मोनेस्टरी बीचवर मात्र पाण्याच्या जवळही जाऊ नका. उतार तीव्र आहे, लाट पाय ओढून नेते, माणसं बुडालेली आहेत. आपल्याकडे गणपतीपुळ्याला जे सांगतो तेच इथे दुपटीने लागू.

बिग सरबद्दल सगळ्यांनी लिहिलंय, मी थोडक्यात आवरते. १९३२चा बिक्सबी पूल, १९३७मध्ये खुला झालेला रस्ता, आणि त्या रस्त्यावर वारंवार येणाऱ्या दरडी. सांता लुसिया डोंगर समुद्रातून सरळ उठतो. कोन पीक १,५७१ मीटर उंच आणि पाण्यापासून जेमतेम पाच किलोमीटरवर. असा डोंगर पावसाळ्यात, म्हणजे इथल्या हिवाळ्यात, खाली सरकणारच. निघण्याआधी कॅलट्रान्सच्या, म्हणजे राज्याच्या रस्ते खात्याच्या, नकाशावर रस्ता उघडा आहे का ते बघा, पेट्रोल कार्मेललाच भरा, नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवा. पुढे सिग्नल नाही.

आणि मग डोंगरापलीकडे. कार्मेल किंवा मॉन्टेरेहून ६८ नंबरच्या रस्त्याने अर्ध्या तासात सलिनास. तिथून १०१ने दक्षिणेला चुआलार, गोन्झालेस, सोलेदाद, ग्रीनफिल्ड, किंग सिटी. दोन्ही बाजूंना नजर पोचेल तिथवर लेट्यूस, ब्रोकोली, फ्लॉवर, सेलरी. बाबांनी आयुष्यभर आंबा-काजू केलेला. ते खिडकीला नाक लावून बसले होते. नदीवरचा पूल आला तशी मी दाखवली.

"ही नदी? अगं, पाणी कुठाय?"

"बाबा, खाली आहे. वाळूच्या खाली."

सलिनास नदी सुमारे २८० किमी वाहते, तीही दक्षिणेकडून वायव्येला, आणि वर्षातला बराच काळ तिचं पात्र कोरडं दिसतं. शहरात पाऊस वर्षाला ३५ सेंमीच्या आसपास. शेती चालते ती जमिनीखालच्या पाण्यावर. नासिमिएंतो आणि सॅन अँटोनियो ही धरणं १९५७ आणि १९६७मध्ये बांधली ती मुख्यतः हळूहळू पाणी सोडून हे भूजल भरत राहावं म्हणून. तरी उपसा इतका, की कॅस्ट्रोव्हिलच्या बाजूने समुद्राचं खारं पाणी विहिरींत शिरलं. १९९८पासून तिथल्या शेतांना शुद्ध केलेलं सांडपाणी दिलं जातं. बाबा यावर बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "आपल्याकडेही खाडीकाठच्या विहिरी अशाच गेल्या."

खोऱ्याचं तोंड समुद्राकडे उघडं आहे. दुपारी आतली जमीन तापते, हवा वर जाते आणि उपसागरावरची थंड हवा खोऱ्यात खेचली जाते. रोज दुपारी सुटणारा हा वारा म्हणजे लेट्यूसला मिळालेलं फुकटचं शीतगृह. १९२०च्या दशकात बर्फ भरलेल्या रेल्वे वाघिणी आल्या आणि इथली पानं देशभर जाऊ लागली. नोव्हेंबरात हंगाम संपला की पॅकिंगची यंत्रं आणि बरेचसे कामगार अ‍ॅरिझोनातल्या युमाला हलतात, वसंतात परततात. म्हणून हे पाहायचं तर एप्रिल ते ऑक्टोबर.

काउंटीतले सुमारे ६० टक्के लोक लॅटिनो आहेत, ते या शेतीमुळे. त्याआधी चिन्यांनी दलदली कोरड्या केल्या, मग जपानी आले, फिलिपिनो आले. १९४२मध्ये जपानी कुटुंबांना सलिनासच्या रोडिओ मैदानात डांबलं गेलं, सुमारे साडेतीन हजार माणसं; तिथे एक छोटी स्मृतिबाग आहे, नक्की बघा. १७ सप्टेंबर १९६३ला चुआलारजवळ मेक्सिकन मजुरांना नेणाऱ्या गाडीला रेल्वेने उडवलं, ३२ जण गेले. १९७०मध्ये शेतमजुरांचे नेते सेसार चावेझ यांच्या संघटनेने याच खोऱ्यात मोठा संप केला आणि त्यांना सलिनासच्या तुरुंगात ठेवलं होतं. आज ग्रीनफिल्डमध्ये मेक्सिकोतल्या वाहाकाहून आलेले लोक भेटतात, ज्यांची घरची भाषा स्पॅनिशसुद्धा नाही, त्रिकी किंवा मिश्तेक आहे. किनाऱ्यावरच्या हॉटेलांत चादरी बदलणारे, भांडी घासणारे बरेचजण रोज या खोऱ्यातून ६८ने जातात-येतात. सकाळी त्या रस्त्यावर कोंडी होते ती याचीच, म्हणून तुम्ही सकाळी उलट्या दिशेने निघा.

मुक्काम सलिनास किंवा मरीनात करा, कार्मेलपेक्षा पुष्कळ स्वस्त पडतो. निदान दोन रात्री ठेवा. शेतात न विचारता शिरू नका; पिकाच्या स्वच्छतेचे नियम कडक आहेत आणि फवारणीही चालू असते. रस्त्याकडेच्या टपऱ्यांवर स्ट्रॉबेरी घ्या, रोख पैसे जवळ ठेवा. शाकाहारी असाल तर टाकेरियात, म्हणजे टाकोच्या खाणावळीत, राजम्यासारख्या फ्रिहोलेसमध्ये "मान्तेका" आहे का ते विचारा, म्हणजे डुकराची चरबी; बऱ्याच ठिकाणी नुसत्या तेलातले अख्खे बीन्स मागितल्यावर मिळतात, आणि सोबतच्या हिरव्या मिरचीच्या साल्सावर आमची आई तर खूश होती.