पावसातला ड्रायव्हर जोखताना

पाऊस आला की सगळ्या गाड्या सारख्या होतात, हे फॉर्म्युला वनच्या चाहत्यांचं लाडकं विधान. ते अर्धंच खरं. इंजिनाची जादा ताकद ओल्या ट्रॅकवर वाया जाते, हे कबूल. पण गाडीला खाली दाबून धरणारा हवेचा दाब आणि टायर गरम ठेवण्याची क्षमता, यांचं मोल पावसात उलट वाढतं. त्यामुळे निकालाचा तक्ता पाहून कुणालाही ‘पावसाचा राजा’ म्हणण्याआधी त्याचा टीममेट कुठे होता ते पाहावं.

इंग्लंडमधलं सिल्व्हरस्टोन, २००८. लुईस हॅमिल्टन ६८ सेकंदांनी जिंकला. आकडा डोळे दिपवणारा आहेच, पण त्याहून बोलका आहे त्याचा मॅक्लारेनमधला सहकारी कोवालायनेन. तो पोलवरून, म्हणजे सर्वांत पुढच्या जागेवरून निघाला आणि पाचवा आला. गाडी तीच, पाऊसही तोच. फेरारीतला फेलिपे मासा त्या दिवशी पाच वेळा गर्रकन फिरला आणि तेरावा आला. रुबेन्स बारिकेलो मात्र त्या वर्षीच्या सुमार होंडातून चक्क तिसरा! त्यात फुल वेट, म्हणजे मुसळधार पावसाचे खोल खाचांचे टायर नेमक्या वेळी चढवण्याचा वाटा मोठा होता, म्हणजे ते श्रेय पिटवॉलबरोबर, म्हणजे ट्रॅकशेजारी बसून डावपेच ठरवणाऱ्या टीमबरोबर वाटून द्यायला हवं.

खरी पारख गाडीवर बसवलेल्या ऑनबोर्ड कॅमेऱ्यात होते. तिथे हातांकडे पाहावं. गाडी आडवी घालून पुन्हा सरळ करणाऱ्याला टाळ्या मिळतात, पण वेळही तिथेच जातो. चांगल्या ड्रायव्हरचे हात घसरण आपल्याला दिसण्याआधीच बारीकशी दुरुस्ती करून मोकळे झालेले असतात. दुसरी गोष्ट म्हणजे त्याची लाइन, ट्रॅकवरून तो निवडतो ती वाट. कोरड्यात रेसिंग लाइनवर साचलेलं रबर पकड देतं, पावसात तोच पट्टा तेलकट होतो. म्हणून जाणकार ड्रायव्हर ब्रेक लाइन सोडून मारतो, वळण बाहेरच्या अंगाने घेतो, कडेचे रंगवलेले कर्ब (उंचवटे) आणि पांढऱ्या रेघा टाळतो, आणि रबराचा पट्टा ओलांडावाच लागला तर स्टिअरिंग सरळ ठेवून ओलांडतो. संथ वळणातून बाहेर पडताना दुसऱ्याऐवजी तिसरा गिअर घेतो, म्हणजे मागच्या चाकांवर टॉर्क (फिरवणारा जोर) एकदम येत नाही.

ब्रेकचं गणितही बदलतं. ओल्यात गाडी तितक्या जोरात थांबत नाही, त्यामुळे पुढे येणारं वजन कमी होतं आणि पुढची चाकं आधी लॉक होतात, म्हणजे फिरायची थांबून घसरतात. म्हणून ब्रेक बायस, म्हणजे पुढच्या-मागच्या ब्रेकमधली जोराची वाटणी, मागे सरकवतात. जास्त सरकवला तर मागची चाकं लॉक होऊन गाडी तोंड फिरवते. पुढचं चाक लॉक झालं की गाडी वळत नाही, नाकासमोर जाते. उपाय एकच: ब्रेकवरचा पाय किंचित उचलायचा. मागून कुणी अंगावर येत असेल तर नेमका उलटा मोह होतो, पाय आणखी दाबला जातो. दडपण कुणावर किती आहे, हे पोडियमवरच्या मुलाखतीपेक्षा इथे स्वच्छ कळतं.

आता फवारा. पिरेलीचा एक फुल वेट टायर ताशी ३०० किलोमीटरला सेकंदाला सुमारे ८५ लिटर पाणी उडवतो, हलक्या पावसाचा इंटरमीडिएट (इंटर) ३०. पुढे वीसेक गाड्या असल्या तर मागच्याला ट्रॅक नव्हे, फक्त पुढच्या गाडीचा लाल दिवा दिसतो, कधी तोही नाही. म्हणून सर्वांत पुढे असलेल्याचा वेग आणि घोळक्यातल्याचा वेग एका तराजूत घालू नये.

डॉनिंग्टन १९९३ ची पहिली फेरी याच कारणाने ग्रेट. आयर्टन सेना पाचव्या क्रमांकावर ढकलला गेला आणि फेरी संपायच्या आत चौघांना मागे टाकून पहिला आला. पण त्याच फेरीत बारिकेलो जॉर्डनमधून बाराव्यावरून चौथ्यावर पोचला, ते कुणाच्या गावी नसतं. शिवाय सेनाच्या गाडीत चाकं जागच्या जागी फिरू न देणारं ट्रॅक्शन कंट्रोल होतं. त्याला स्वतःलाही १९८५ चा एस्टोरिलचा विजय त्याहून मोलाचा वाटे.

सर्वांत अवघड मोजमाप टायर बदलण्याच्या निर्णयाचं. साधा ठोकताळा असा, की लॅप टाइम कोरड्याच्या सुमारे ११२ टक्क्यांपर्यंत खाली आला की इंटरवरून स्लिकवर, म्हणजे कोरड्या ट्रॅकच्या बिनखाचांच्या टायरवर जावं. पण आघाडीवर असलेल्याने आधी उडी मारली तर गमावायचं त्यालाच. सोची २०२१ मध्ये उलट चित्र होतं. पाऊस वाढत असताना आघाडीवरचा लँडो नॉरिस स्लिकवरच राहिला आणि हातातली शर्यत घालवून सातवा आला. हॅमिल्टननेही टायर बदलायला बोलावणारी टीमची पहिली हाक टाळली होती. दुसरी ऐकली आणि शंभरावा विजय मिळवला.

त्याच हॅमिल्टनच्या दोन शर्यती शेजारी ठेवाव्यात. शांघाय २००७: झिजलेल्या इंटरवर टीमने त्याला फार वेळ बाहेर ठेवलं, ट्रॅक सुकत गेला, टायर झिजून रबराखालच्या कापडापर्यंत (कॅनव्हास) गेला आणि पिटच्या वाटेवरच तो खडीत रुतला. ती चॅम्पियनशिप एका गुणाने गेली. इस्तंबूल २०२०: शेवटी पिटचा विषय निघाला असतानाही तो थांबला नाही, इंटरचा एकच संच ५० फेऱ्या चालवून जिंकला. निर्णय वरवर सारखाच. फरक पृष्ठभागाचा. इस्तंबूलचं डांबर नवं, गुळगुळीत आणि थंड होतं, रबर हळूहळू गुळगुळीत होत स्लिकसारखं झालं, फाटलं नाही. इस्तंबूलचे गुण मी त्याला पूर्ण देईन. शांघायचे मात्र निम्म्याहून अधिक पिटवॉलच्या खात्यातून कापावे लागतील.