टीव्हीखाली पाकिस्तानची पाणबुडी का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, नाहीतर मी आपणहून हा विषय काढत नाही, एकदा सुरू झालो की बायको चहाचे कप उचलायला लागते. ठाण्यात कोलशेत रोडच्या आमच्या घरी कोणीही नवीन आलं की टीव्हीखालची काळी लाकडी पाणबुडी बघून "वा, आपली का?" विचारतं, मी म्हणतो "नाही, गाझी", की झालं. अहो ७१ ची? पाकिस्तानची? ती कशाला घरात?

खरं कारण एकदम फालतू आहे. किचनचं काम संपल्यावर सुतार सागवानाचा एक फूटभर तुकडा टाकून गेला. गाझी ९५ मीटर, ३५० ने भागलं की २७ सेंटिमीटर, बरोब्बर बसली. आपली जुनी विमानवाहू नौका विक्रांत करायची तर २१३ मीटर, म्हणजे दोन फूट, तेवढं लाकूड नव्हतं आणि आमच्या हॉलमध्ये तेवढी जागाही नाही.

आता जरा जवळून बघा. एका बाजूला ४७९ लिहिलंय, दुसरीकडे एस-१३०. रंगवताना चूक नाही झालेली. ही मूळची अमेरिकन नौदलाची डायब्लो, ४७९ हा तिचा तिथला नंबर, डिसेंबर १९४४ ला पाण्यात उतरली, ऑगस्ट १९४५ मध्ये पर्ल हार्बरहून पहिल्या गस्तीला निघाली आणि वाटेत असतानाच महायुद्ध संपलं, टॉर्पेडो तसेच राहिले बिचारीचे. १९६४ ला अमेरिकेने ती पाकिस्तानला भाडेकरारावर दिली, तेव्हा गाझी झाली, नंबर एस-१३०. ६५ च्या लढाईत आपल्याकडे एकही पाणबुडी नव्हती, आपली पहिली पाणबुडी कलवरी नौदलात दाखल झाली ती १९६७ च्या डिसेंबरात, त्यामुळे तोवर या एकटीचाच धाक.

९५ मीटर म्हणजे लोकलचे साडेचार डबे आणि आत ऐंशीच्या वर माणसं. ठाण्याचा माणूस यावर हसतो, आपल्याकडे तेवढे तर एका दारात लोंबकळतात! पण त्याच डब्यांत डिझेल इंजिनं, बॅटऱ्या, दहा टॉर्पेडो ट्यूब, पुढे सहा मागे चार, ते सगळं वजा करा मग सांगा. पाण्यावर स्पीड २० नॉट, म्हणजे ताशी ३७ किलोमीटर, पाण्याखाली पावणेनऊच, आणि बॅटरी दोन दिवस पुरवायची तर फक्त दोन नॉट, तलावपाळीला आजोबा फेऱ्या मारतात तो स्पीड.

माझ्या मते खरा आकडा मात्र ११,००० सागरी मैल, हा तिचा पल्ला. ७१ ला पाकिस्तानकडे नव्या फ्रेंच पाणबुड्या होत्या, त्यातल्याच हंगोरने ९ डिसेंबरला आपली युद्धनौका खुकरी बुडवली, पण कराचीहून श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात जाऊन थांबायचं तर तेवढा दम या म्हातारीतच होता. म्हणून विक्रांतच्या शिकारीला हिला पाठवली. विक्रांतच्या बॉयलरला तडे गेलेले, तिला गुपचूप अंदमानला हलवलं आणि ती विशाखापट्टणमलाच आहे असं भासवायला राजपूत विनाशिका पुढे केली.

मला जे लागलं ते पुढे आहे. राजपूत म्हणजे ब्रिटिश नौदलाची १९४२ ची रॉदरहॅम. विक्रांत म्हणजे ब्रिटिशांचीच हर्क्युलिस, १९४५ ला पाण्यात उतरलेली. म्हणजे शिकारी, सावज आणि आमिष, तिघीही महायुद्धात एकाच बाजूसाठी बांधलेल्या, आणि समोरासमोर आल्या त्या आपल्या दारात. हे कळल्यावर मी ४७९ पुसणार होतो तो पुसला नाही.

पुढचा प्रश्न ठरलेला, गाझी आपणच बुडवली ना? ३ डिसेंबरच्या मध्यरात्री विशाखापट्टणमच्या किनाऱ्याजवळ मोठा स्फोट झाला. आपलं नौदल म्हणतं राजपूतने टाकलेल्या डेप्थ चार्जमुळे, म्हणजे पाण्याखाली फुटणाऱ्या बॉम्बमुळे, पाकिस्तान म्हणतं सुरुंग पेरताना अपघात झाला. मी राजपूतच्या बाजूने, पण वाद घालत नाही. आतले ९३ जण तिच्याबरोबरच गेले.

विक्रांत २०१४ मध्ये मुंबईच्या दारूखान्यात, जहाजं तोडतात तिथे, भंगारात गेली, तिच्या लोखंडातून बजाजने व्ही नावाची बाईक काढली, आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक उभी असते धूळ खात. आणि हो, पेरिस्कोपला हात लावू नका, टाचणी आहे ती, भाच्याने दोनदा मोडलीये.