यंत्रं नीट निवडली, घोडं अडलं नळीपाशी

भुसा ओढणाऱ्या यंत्राच्या माहितीपत्रकात मोठ्या टायपात छापलेलं असतं: हवेचा प्रवाह मिनिटाला ३९०० लिटर. आकडा खोटा नाही, पण सुताराच्या उपयोगाचाही नाही. तो मोजलेला असतो पंख्यापाशी, नळी न जोडता. नळीशिवाय हे यंत्र वापरतं कोण? साडेतीन मीटर नळी लावली, पुढे सँडर (लाकूड घासायचं यंत्र) अडकवला, की टोकाला किती हवा उरते, एवढंच मला विचारायचं होतं.

कंपनीचा चौकशीचा फॉर्म उघडला तर यंत्राचा अनुक्रमांक भरल्याशिवाय तो पुढे सरकेना. अहो, घ्यायचंय म्हणून तर विचारतोय, अनुक्रमांक आणू कुठून? शून्यं भरून पाठवला. नऊ दिवसांनी उत्तर आलं, त्यात तेच माहितीपत्रक जोडलेलं. परत विचारलं, तर "अनुक्रमांक जुळत नाही". शेवटी यंत्र घेतलं, खरा अनुक्रमांक भरला, तर सल्ला मिळाला की यंत्र सर्व्हिस सेंटरला जमा करा. दीड महिना यात गेला. म्हणून या लिखाणात करवतीबद्दल कमी आणि नळीबद्दल जास्त आहे.

करवतीचं ठरवणं त्या मानाने सोपं गेलं. बोर्डकामाला ट्रॅक सॉ, म्हणजे सरळ पट्टीवरून (रेलवरून) सरकणारी करवत, घेताना करवतीआधी रेल ठरवायची, कारण पुढे दहा वर्षं रेलच तुम्हाला बांधून ठेवते. फेस्टूल आणि माकिता या कंपन्यांच्या रेल एकमेकांच्या करवतींना चालतात. बॉश आणि माफेल यांची रेल त्या दोघांत सामाईक आहे, पण पहिल्या जोडीशी तिचं जमत नाही. माकिताच्या करवतीला कलता काप घेताना ती उलटू नये म्हणून एक खटका असतो. तो माकिताच्याच रेलमध्ये अडकतो, फेस्टूलच्या रेलवर त्याचा काही उपयोग नाही. ४५ अंशांचे काप रोज घेणाऱ्याने हे आधी बघावं.

२४४० मिमीची शीट कापायला २४४० ची रेल पुरत नाही. पातं लाकडात उतरण्याआधी आणि बाहेर पडल्यावरही करवत पूर्ण रेलवर टेकलेली हवी. १४०० च्या दोन रेल जोडून २८०० होतात, तेवढ्यात भागतं. जोडताना दोन्ही टोकं एकमेकांना भिडवू नका. टोकं कारखान्यातून अगदी काटकोनात कापलेली असतीलच असं नाही. भिडवली की रेल किंचित वाकते. दोनेक मिमी फट ठेवायची, रेलच्या कडेला सरळ पट्टी लावून धरायची आणि मग स्क्रू आवळायचे. रेलच्या कडेची रबरी पट्टी पहिल्या कापात त्या करवतीच्या पात्याप्रमाणे कापली जाते. त्याच रेलवर दुसऱ्याची करवत चालवू दिली की पट्टी गेली. मग बोर्डाच्या कडेला चिपा उडतात आणि दोष पात्याला दिला जातो.

आता नळी.

आधी गणित मांडतो, कारण ते कुणीच मांडून देत नाही. भुसा नळीत न साचता वाहून जायला हवेचा वेग सेकंदाला साधारण २० मीटर लागतो. एम क्लासच्या (धूळ अडवण्याच्या एल, एम, एच या वर्गांतल्या मधल्या) यंत्रात वेग याखाली गेला की इशारा वाजलाच पाहिजे, असा त्या वर्गाचा नियम आहे. २० मीटर वेगाला लागणारी हवा नळीच्या आतल्या व्यासावर ठरते. २७ मिमीच्या नळीला मिनिटाला सुमारे ६९० लिटर, ३६ च्या नळीला सुमारे १२२० लिटर आणि ५० च्या नळीला सुमारे २३५० लिटर. कुठे ३९०० आणि कुठे ६९०! नळी बारीक असेल तर घर्षणाने दाब किती खर्च होतो तेही बघा. तेवढीच हवा ३६ ऐवजी २७ मिमीतून ओढायची तर दाब चौपटीहून थोडा जास्तच लागतो. लांबी दुप्पट केली की नळीतला तोटा दुप्पट. म्हणून लांब नळी हौसेने घेऊ नये.

माझी चूक अशी की मी एकच जाड नळी सगळ्याला चालेल असं धरलं. ३६ ची नळी घेतली. करवतीला लावली, झकास. राउटरला (खाचा पाडायच्या यंत्राला) लावली, झकास. सँडरला लावली की अर्ध्या मिनिटात इशारा वाजायला लागला. पिशवी बदलली, फिल्टर झटकला, नळी सरळ केली, तरी वाजतोच. सर्व्हिस सेंटरला जमा करा हा सल्ला याच टप्प्यावर मिळाला होता. यंत्रात काहीही बिघाड नव्हता. सँडरच्या पॅडची भोकं आणि मागची बारीक मोरी (नळी जोडायचं तोंड) मिळून १२२० लिटर हवा आत येऊच देत नाहीत. आत आली ती हवा ३६ च्या नळीत पसरते, वेग २० च्या खाली जातो, इशारा वाजतो. यंत्र त्याला शिकवलेलं काम चोख करत होतं.

यावर सहज सुचणारा उपाय सगळ्यात वाईट. एम क्लासच्या बऱ्याच यंत्रांवर नळीचा व्यास लावायची एक कळ असते: २७, ३६, ५०. नळी ३६ चीच ठेवून कळ २७ वर फिरवली की इशारा लगेच गप्प होतो. मीही दोन दिवस ते करून पाहिलं. पण आता यंत्र ६९० लिटरवर समाधान मानतं आणि तेवढ्या हवेचा ३६ च्या नळीतला वेग भरतो सेकंदाला जेमतेम ११ मीटर. सँडरची बारीक धूळ कशीबशी जाते. मग तीच कळ तशीच राहून त्याच नळीला करवत लागते, पिशवी भरत आलेली असते, वेग घसरतो आणि कुणाला कळत नाही. चिपा नळीच्या वळणात बसतात. नळी हातात उचलल्यावर जड लागली आणि आतून खुळखुळ आवाज आला, की समजायचं.

उपाय एकच, आणि तो खरेदीच्या दिवशीच करायचा: दोन नळ्या. सँडरला २७, करवत आणि राउटरला ३६. नळी बदलली की कळही बदलायची. मी दोन्ही नळ्यांच्या यंत्राकडच्या टोकाला रंगीत चिकटपट्टी गुंडाळली आणि कळीवर त्या त्या आकड्यापाशी त्याच रंगाचा ठिपका दिला. सँडरवर ओढ जास्त झाली की पॅड लाकडाला चिकटून उड्या मारतं आणि पृष्ठभागावर गोल ओरखडे उठतात. तेव्हा मोटरचा वेग कमी करू नका, नाहीतर इशारा पुन्हा सुरू होईल. काही नळ्यांच्या टोकाला हवा आत घ्यायची सरकती खिडकी असते, ती थोडी उघडायची. पॅडवरची ओढ कमी होते, नळीतला वेग टिकतो.

दुसरा ताप तोंडांच्या मापाचा. माहितीपत्रकात "३५ मिमी" लिहितात, पण ते माप आतलं की बाहेरचं हे सांगत नाहीत. नळी मोजतात आतल्या व्यासाने, आणि यंत्राच्या मोरीत कधी नळीचं टोक आत शिरतं, कधी बाहेरून बसतं. त्यात ती मोरी निमुळती. म्हणून व्हर्नियर घेऊन जायचा आणि प्रत्येक यंत्राच्या मोरीची चार मापं घ्यायची: आतला आणि बाहेरचा व्यास, तोंडाशी आणि पंधरा मिमी आत. माझ्या चार यंत्रांना तीन वेगळी तोंडं निघाली. पायऱ्यापायऱ्यांचा रबरी जोड तात्पुरता चालतो, साधा प्लास्टिकचा पाइप कापून केलेला जोड चालवू नये. नळी अँटिस्टॅटिक असली तरी मध्ये साधं प्लास्टिक आलं की स्थिर विजेला वाट राहत नाही. मग सँडर धरलेल्या हाताला चटके बसतात, ऐन फिनिशिंगच्या वेळी.

एवढी उठाठेव कशाला, असं विचारणारे भेटतात. लाकडाच्या धुळीला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली माणसाला कर्करोग करणाऱ्या पहिल्या गटात टाकलंय. युरोपात कठीण लाकडाच्या धुळीची मर्यादा २०२३ पासून घनमीटरला २ मिलिग्रॅम आहे. वर्गांतला फरकही साधा आहे: एल क्लासमधून जास्तीत जास्त १ टक्का धूळ परत बाहेर येऊ शकते, एममधून ०.१ टक्का, एचमधून ०.००५ टक्का. रोज लाकूड घासणाऱ्याने एमच्या खाली उतरू नये. एल स्वस्त पडतो आणि वाजत नाही, म्हणून तो लोकांना आवडतो.

जाडी काढायचा रंधा या छोट्या यंत्राला जोडायचा विचारही नको. त्याचं तोंड १०० मिमीचं असेल तर २० मीटर वेगाला मिनिटाला साडेनऊ हजार लिटरच्या आसपास हवा लागते. त्याला रुंद नळीचा वेगळा ब्लोअरच हवा.

पात्यांचं राहिलंच. पात्यावर २.२/१.६ अशी जोडी छापलेली असते. पहिला आकडा कापाची रुंदी, दुसरा पात्याच्या तव्याची जाडी. करवतीतली पात्यामागची सुरी या दोन आकड्यांच्या मधल्या जाडीची हवी. २.२ च्या पात्यासाठी बसवलेली सुरी ठेवून १.८ चं पातळ पातं चढवलं, तर सुरी कापात अडकते आणि करवत पुढे सरकत नाही. उलट केलं तर सुरी ढिली पडते आणि काप मिटून पातं पकडलं जातं. भोक २० मिमीचं असलं म्हणून पातं बसलंच असं नाही; पात्याच्या व्यासाची १६०, १६२ आणि १६५ अशी तिन्ही मापं बाजारात आहेत. प्लाय आणि लॅमिनेटला ४८ दात, घन लाकूड उभं चिरायला १२ ते १८. ४८ दातांनी उभं चिरलं की लाकूड काळं पडतं. पातं बदलूनही काप एकाच बाजूने काळा पडत असेल, तर पातं रेलला समांतर नाही. ते आधी तपासा.

बॅटरीची बाजू घेणारे माझ्यावर चिडतील. १८ व्होल्ट, ५ अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे ९० वॉट-तास. १४०० वॉटची करवत पूर्ण भाराने चालवली तर चार मिनिटंही नाहीत. प्रत्यक्षात सतत पूर्ण भार नसतो हे खरं, पण दिवसभर बोर्ड कापायचे तर वायरवालीच घ्या आणि बॅटरी ड्रिलसाठी ठेवा. "२० व्होल्ट मॅक्स" बघून जास्त ताकद मिळेल असं वाटून घेऊ नका. आत तेच पाच सेल, नाममात्र ३.६ ने १८, पूर्ण चार्जला विसाच्या आसपास.

वायरवाल्या यंत्रात आणखी एक गोम आहे. भुसा ओढणाऱ्या यंत्रावर सॉकेट असतं. त्यात करवत जोडली की दोन्ही एकदम सुरू होतात. पण दोघांचा भार भिंतीतल्या एकाच सॉकेटवर पडतो. २३० व्होल्ट आणि १६ अँपिअरला एकूण ३६८० वॉट. त्यातले १२०० हे यंत्र स्वतः खातं, म्हणजे करवतीला २४०० च्या आसपास. सॉकेटजवळ मर्यादा छापलेली असते, ती वाचा. एक्स्टेन्शनची वायर रिळावरून पूर्ण उलगडा, गुंडाळलेली तापते.

सँडर घेताना मी वॉट बघितलेच नाहीत. पॅड किती मिमी फिरतं ते बघितलं: ५ मिमी घासून काढायला, २.५ किंवा ३ मिमी शेवटच्या हाताला. एकच घ्यायचा असेल तर ५, आणि ग्रिट (घासकागदाच्या खरखरीतपणाचा आकडा) उड्या न मारता चढवायची: ८०, १२०, १८०. त्याच पानावर कंपनाचा आकडा असतो. युरोपच्या नियमात दिवसभराच्या सरासरीला २.५ मीटर प्रति सेकंद वर्ग ही सावध व्हायची पातळी आहे आणि ५ ही मर्यादा. पॅड झिजलं की छापलेल्या आकड्याला अर्थ राहत नाही, म्हणून पॅडचा खर्च सुरुवातीलाच धरा. पॅडच्या भोकांची रचनाही बघून ठेवा. दुसऱ्या रचनेचा पेपर लावला की भोकं झाकली जातात आणि वर सांगितलेला इशारा पुन्हा सुरू.

राउटरबरोबर आलेलं कोलेट, म्हणजे बिटाचा (कापणाऱ्या हत्याराचा) दांडा धरणारी पकड, नीट वाचून घ्या. १२ मिमी आणि अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिमी, डोळ्याला सारखेच दिसतात. १२ चा बिट १२.७ च्या कोलेटमध्ये आवळला तर घट्ट बसल्यासारखा वाटतो आणि चालू झाल्यावर हळूहळू खाली सरकतो. खाच शेवटाकडे खोल होत गेलेली दिसते. योग्य मापाचा बिटही तळाला टेकेपर्यंत घालून आवळू नये. टेकवून मग दोनेक मिमी वर उचलायचा आणि मग पाना फिरवायचा.