परसातली भिंत

मी डेट्रॉइटमध्ये फिजिओथेरपिस्ट आहे. पेशंटच्या घरी जाऊन व्यायाम करून घेते. २०१८च्या उन्हाळ्यात खुब्याचं ऑपरेशन झालेले ८४ वर्षांचे एक कृष्णवर्णीय आजोबा माझ्या वाट्याला आले.

पहिल्या भेटीत एक प्रश्न ठरलेला असतो: बरं झाल्यावर काय जमायला हवं? बहुतेक जण चर्च म्हणतात, नाहीतर जिना. आजोबा म्हणाले, "मागच्या भिंतीपर्यंत जायचंय."

खिडकीतून पाहिलं. सहा फूट उंच, काँक्रीटची, परसाच्या कडेनं सरळ गेलेली. मी कुंपण समजून अंतर लिहायला लागले, तर ते हसले. मग व्यायाम राहिला बाजूला.

त्यांचे वडील अलाबामातून येऊन फोर्डच्या रूज कारखान्यात लागलेले, फाउंड्रीत. काळ्यांच्या नशिबी तिथे बहुधा भट्टीच. १९४१ साली शेजारच्या मोकळ्या जागेवर गोऱ्यांसाठी घरं निघाली. पण काळ्यांची वस्ती खेटून, म्हणून सरकारी गृहखातं कर्जाला हमी देईना. बिल्डरने मधे अर्धा मैल भिंत घातली आणि हमी मिळाली! गावकुसाबाहेरच्या वस्त्या बघतच मी सोलापूरकडे वाढले. तरी भिंत दाखवून कर्ज मिळवायची ही हुशारी मला नवीन होती.

तेव्हा सात वर्षांचे आजोबा त्याच भिंतीवरून पळायचे. १९५२ला कोरियाच्या युद्धावर गेले. राष्ट्राध्यक्ष ट्रुमनच्या १९४८च्या आदेशानंतर पलटणींतून काळे-गोरे एकत्र येऊ लागले होते. "तिकडे गोऱ्यांच्या शेजारी खंदकात झोपलो. घरी आलो, तर ही होतीच."

पुढे डॉज मेन या मोटारींच्या कारखान्यात नोकरी. १९८०मध्ये तो बंद पडला. तोवर गोरे उपनगरांत निघून गेले होते, भिंतीच्या दोन्ही बाजूंना काळेच राहत होते. हे सगळं त्यांनी दोन वाक्यांत उरकलं. टोमॅटोवर मात्र रंगून बोलले.

"सकाळचं ऊन भिंतीवर येतं, काँक्रीट तापतं, रोपं जोमानं वाढतात. इतक्या वर्षांचं भाडं वसूल करतोय मी तिच्याकडून."

विम्याच्या फॉर्मवर असलं काही चालत नाही. मी लिहिलं: वॉकर घेऊन खडबडीत जमिनीवर ४० फूट चालणे, उभ्याने हात लांबवताना तोल सांभाळणे.

विमा कंपनीतल्या बाईंनी फोन करून विचारलं, "हात कशासाठी लांबवायचाय?"

म्हटलं, टोमॅटो तोडायला.