सहाव्या मजल्यावरचा कडा

गंगापूर रोडच्या आमच्या फ्लॅटला एसी बसला आणि आठवड्याच्या आत त्याच्या आउटडोअरमागे कबुतरांची जोडी राहायला आली. घरटं म्हणजे काय, तर आमच्याच खराट्याच्या अकरा काड्या (मी मोजल्या) आणि केबलवाल्यानं टाकलेला वायरचा तुकडा. त्यावर दोन पांढरी अंडी. आई म्हणाली, "काय हा गबाळा संसार!"

म्हणून रात्री तिला मोबाइलवर गिलेमॉट दाखवला. उत्तर अटलांटिकच्या कड्यांवर पेंग्विनसारखा ताठ उभा राहणारा काळा-पांढरा समुद्रपक्षी. हा तर एक काडीही आणत नाही. उघड्या दगडावर एकच अंडं, आणि शेजार इतका दाट की चौरस मीटरभर जागेत वीस-वीस जोड्या. त्यापेक्षा आपली पंचवटी एक्स्प्रेस ऐसपैस. अंडं एका टोकाला चांगलंच निमुळतं, त्यामुळे उतरत्या दगडावरही टिकून राहतं. रंग कुणाचा हिरवा, कुणाचा निळा, कुणाचा पांढरा. वर शाई झटकल्यासारखे शिंतोडे. प्रत्येक मादीची नक्षी वेगळी, म्हणून गर्दीतही आपलं अंडं ओळखू येतं. कुंभमेळ्यात हरवायची सोयच नाही.

पिल्लू तीन आठवड्यांचं झालं, की पंख धड फुटलेले नसतानाच संध्याकाळी कड्यावरून उडी घेतं. खाली पाण्यातून बाप हाका मारत असतो. मग दोघं पोहत खोल समुद्रात जातात, आणि पुढे कित्येक आठवडे बापच त्याला मासे भरवतो.

"आणि आई?"

"ती काही दिवस कड्यावरच थांबते."

"बसू दे बाई तिला जरा निवांत," आई म्हणाली आणि मोबाइल परत केला.

कबुतरंही मुळात कड्याकपारीतलीच. त्यांचे रानटी भाऊबंद अजून समुद्रकाठच्या कड्यांत आणि गुहांत अंडी घालतात. आमचा सहावा मजला यांना तसलाच एखादा कडा वाटत असणार. खाली लाटांऐवजी रिक्षांचे हॉर्न. दिवसाची पाळी नराची. सकाळी दहाच्या सुमारास तो येतो, मादी उठते, तो बसतो. आईनं घड्याळ लावून पाहिलंय.

जाळीवाला रविवारी यायचा होता. आईनं परस्पर फोन करून त्याला दीड महिन्यानंतर यायला सांगितलं.

नवा खराटा मात्र ती आता गॅलरीत ठेवत नाही.