पुलावरचं नाणं

परवा दुपारी कुडाळहून मडगावला एका बारशाला चाललो होतो. आगशी मागे पडून झुआरीचा नवा पूल लागला आणि माझा हात आपोआप पर्समध्ये गेला, सुट्टे शोधायला. नवरा म्हणाला, काच खाली करू नको, एसी चालूय. तशीही मी काय करणार होते म्हणा, पूल चार-चार लेनचा, आम्ही मधल्या लेनमध्ये, नाणं नदीत कुठलं, शेजारच्या ट्रकवर पडायचं.

पुलाच्या केबल्स मात्र मला जाम आवडतात. परसातला माड घराकडे कलला की दोर बांधून ताणून ठेवतात ना, तसं, फक्त इथे माडानेच, म्हणजे पुलाच्या उंच मनोऱ्यानेच, रस्त्याला धरून ठेवलंय. मधल्या ३६० मीटरमध्ये खाली एकही खांब नाही, बार्जी, म्हणजे मालाच्या बोटी, निवांत जातात. २०२२ च्या डिसेंबरात एक बाजू उघडली, दुसरी वर्षभराने. त्याआधी जुन्या पुलावर जे तास काढलेत ते सोडाच.

लहानपणी मुंबईहून गावी यायचं म्हणजे रात्रीची एसटी. आजी झोपायचीच नाही. महाडला सावित्री आली की उठवायची, मग खेडला जगबुडी, चिपळूणला वाशिष्ठी, पदराच्या गाठीतून एकेक नाणं काढून द्यायची, दहा पैशाचं, नागमोडी कडेचं. "हात जोड गो आधी, मगे टाक." खिडकीच्या गजातून मी टाकायचे आणि ते हलकं नाणं वाऱ्याने कठड्यावर आपटून टण्ण वाजायचं. डुबुक असं मी आयुष्यात ऐकलं नाही. आजी तरी म्हणायची, पोचला गो, पोचला.

नदीत टाकलेल्या तांब्याच्या नाण्यांनी पाणी शुद्ध व्हायचं वगैरे व्हॉट्सअ‍ॅपवर येत असतं. आमचं नाणं अ‍ॅल्युमिनियमचं, त्यामुळे ते राहू दे.

नवरा काहीतरी विचारत होता, मी आपली हूं हूं करत होते. डोक्यात महाड. २०१६ ची २ ऑगस्टची रात्र, पूर आलेला आणि ब्रिटिशांच्या वेळचा तोच सावित्रीचा पूल गेला. दोन एसट्या गेल्या त्यात, जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली. रात्रीच्याच.

आजी तेव्हा नव्हती. बरं झालं. नाहीतर मलाच विचारलं असतं, कमी पडले काय गो पैशे?