कुंभारणीनं अडवलेलं पुस्तक

उसनं आणलेलं पुस्तक परत न करायला माणसाकडे कारणांचा तुटवडा कधीच नसतो. अजून वाचून व्हायचंय, कुठे ठेवलंय ते सापडत नाही, देणारच होतो पण निघताना विसरलो. माझं कारण मात्र खिडकीतून उडत आलं आणि त्याला सहा पाय होते.

पुस्तक म्हणजे मित्राची एक जाडजूड कादंबरी. दोनशे बारा पानं वाचून झाली होती. नायिकेला पाण्याची विलक्षण भीती, इतकी की पूल ओलांडायचा म्हटलं तरी तिचे पाय लटपटतात, इथपर्यंत आलो होतो. खूण घातली, पुस्तक फळीवर ठेवलं आणि चार दिवस त्याला हात लावायला जमलं नाही. पाचव्या दिवशी ओढलं तर निघेना. शेजारच्या शब्दकोशाला ते चिकटून बसलं होतं. दोघांच्या पाठींमधल्या खाचेत ओल्या मातीचं लिंपण होतं, बोटभर लांब, आत पोकळ आणि वरच्या टोकाला उघडं.

मी तिथे बोट नेणार तोच कानाशी गुणगुण झाली. काळी, लांबट, पिवळ्या पायांची. कंबर इतकी बारीक की पुढचा आणि मागचा भाग एकाच माशीचे आहेत यावर विश्वास बसू नये. तोंडात मातीची गोळी, मोहरीहून मोठी आणि वाटाण्याहून लहान. कुंभारीण! माझ्याकडे तिनं ढुंकूनही पाहिलं नाही. गोळी लिंपली, पसरली आणि गेली. दोन-तीन मिनिटांत पुढची गोळी घेऊन हजर.

कुंभारीण ही गांधीलमाशीच्या गोतावळ्यातली असली तरी एकटी राहणारी. राखायला मोहोळ नाही, त्यामुळे उगाच कुणाच्या अंगावर धावून जात नाही. हे ठाऊक असल्यामुळेच मी तिथे खुर्ची ओढली. नाहीतर ललित लेखाऐवजी सुजलेलं नाक पदरी पडलं असतं.

दोन दिवसांनी मित्राचा फोन आला.

"अरे, ती कादंबरी कधी देतोस?"

"देतो रे. सध्या तिच्यावर बांधकाम चालू आहे."

"तुझ्या घरी बांधकाम?"

"घरी नाही. कादंबरीवर."

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग तो म्हणाला, "हरवली असेल तर तसं सांग ना सरळ."

पुरावा म्हणून त्याला फोटो पाठवायचे ठरवलं आणि तिथून खरी फरफट सुरू झाली. अगदी जवळून मोठं चित्र घेणारी मॅक्रो लेन्स माझ्याकडे नाही. मी गरिबाची युक्ती वापरतो. जुनी पन्नास मिलिमीटरची लेन्स एका कडीच्या साहाय्यानं कॅमेऱ्याला उलटी जोडायची. उलटी लेन्स जवळचं मोठं करून दाखवते, पण त्यासाठी कीटकापासून चार-पाच सेंटीमीटरवर जावं लागतं. पहिल्या दिवशी ऐंशी फोटो काढले. ऐंशीच्या ऐंशी फोटोंत शब्दकोशाचं नाव खणखणीत आलं होतं आणि कुंभारीण म्हणजे एक धुरकट रेघ.

कीटक जेवढा आहे तेवढीच त्याची प्रतिमा सेन्सरवर उमटते, तेव्हा ते प्रमाण एकास एक. त्या प्रमाणात अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं प्रकाश आत घेणारं छिद्र, एफ-८ इतकं बारीक ठेवलं तरी स्पष्ट दिसणारा थर जेमतेम १ मिलिमीटर जाडीचा असतो. १ मिलिमीटर म्हणजे कादंबरीतले साधारण दहा कागद. डोळा धरला की मिशा धुक्यात जातात, मिशा धरल्या की डोळा. इथे ऑटोफोकसचं काही चालत नाही. आपणच हळूहळू पुढे-मागे झुलायचं आणि श्वास सोडून झाल्यावर पुढचा घेण्याआधी जी एक फट असते, तेवढ्यात बटण दाबायचं. कोपरं टेकलेली, मान खाली, हाक मारली तरी ऐकू येत नाही. घरातल्यांनी मला या अवस्थेत पूर्वी पुष्कळदा पाहिलेलं आहे, फक्त तेव्हा समोर पुस्तक उघडं असायचं. या वेळी ते बंद होतं एवढंच.

काहीजण कीटकांना थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवतात, गारठून निपचित झाले की सजवून फोटो काढतात. फोटो सुरेख येतो, आणि तो कीटकाचा नसतो. पहाटे दव असताना बाहेर गेलात तर तीच सुस्ती फुकट मिळते. कीटकांचं रक्त आपल्यासारखं स्वतःहून ऊब धरून राहत नाही, ऊन लागेपर्यंत बिचारे जागचे हलत नाहीत. आणि चतुर तर माझ्यासारख्या आळशांसाठीच घडवलेला आहे. उडाला तरी फिरून बहुधा त्याच काडीवर येऊन बसतो.

तिसऱ्या दिवशी एक गोष्ट कानाला जाणवली. उडतानाची गुणगुण वेगळी आणि माती लिंपतानाची वेगळी. लिंपताना ती स्वर चढवते. तिच्या अंगाच्या थरथरीनं ओली माती सैल होते, पसरते, खालच्या थराशी एकजीव होते. म्हणजे ही गुणगुण हीच तिची थापी. पण ती ऐकताना मला आठवला तो आपला जुना भृंगी-कीटक न्याय. भृंगी, म्हणजे हीच कुंभारीण, एका किड्याला मातीच्या घरात कोंडते आणि बाहेरून सतत गुणगुणते. भीतीनं असो की ध्यासानं, किडा तिचंच चिंतन करत राहतो आणि एक दिवस स्वतःच भृंगी होऊन बाहेर पडतो. देवाचं ध्यान करणारा देवच होतो, हे समजावण्यासाठी संतांनी आणि कीर्तनकारांनी हा दृष्टांत पिढ्यानपिढ्या वापरला.

आता यावर हसणं फार सोपं आहे. मला मात्र ज्यानं हे पहिल्यांदा पाहिलं त्याचं कौतुक वाटतं. त्यानं पाहिलेलं सगळं खरं होतं. किडा आत गेला, हे खरं. गुणगुण झाली, हेही खरं. काही आठवड्यांनी त्याच मातीतून भृंगी निघाली, हेही खरंच. त्यानं पहिलं पान वाचलं, शेवटचं वाचलं आणि मधलं पुस्तक मातीत बंद होतं म्हणून ते मनानं रचलं. गोष्टीत किडा म्हणजे अळी असते, कारण काही जातींच्या कुंभारणी अळ्याच आणतात. माझी कोळी आणणारी निघाली. नांगी मारून लुळा केलेला एकेक कोळी ती पोटाशी धरून आणायची आणि कोठडीत दाबून बसवायची. एका कोठडीत बारा मोजले, पुढे हिशेब चुकला. त्यातल्या एकाच्या अंगावर ती अंडं घालते, तोंड लिंपून बंद करते. अंड्यातून निघालेली अळी आयतं रसद भरलेलं कोठार संपवते, कोष विणते आणि पंख घेऊन भिंत कुरतडून बाहेर येते. किड्याची भृंगी होते ती अशी.

कादंबरी अडकली असल्यानं हात रिकामे होते, म्हणून मग कीटकांवरची पुस्तकं काढली. झाँ आंरी फाब्र या फ्रेंच शिक्षकापाशी जाऊन थांबलो. हा १८२३ चा जन्म. आयुष्यभर ओढगस्त, पंचावन्नाव्या वर्षी कुठे त्याला दगडधोंड्यांची, काटेरी झुडपांची एक पडीक जमीन घेता आली आणि माळावरच्या किड्यांसाठी हीच जागा हवी होती म्हणून तो हरखून गेला. कीटकांवरच्या त्याच्या आठवणींचे दहा खंड १८७९ ते १९०७ या काळात निघाले. त्यात ही घरात शिरणारी कुंभारीणही आहे. फाब्रनं एकदा तिचं घरटं भिंतीवरून अलगद काढूनच घेतलं. ती माती घेऊन परतली आणि जिथे घरटं होतं त्या रिकाम्या भिंतीवर शेवटचा गिलावा चढवत राहिली. जणू सगळं जागच्या जागी होतं. हे वाचून मी पुस्तक मिटलं आणि बराच वेळ फळीकडे बघत राहिलो. आपल्या माशीवर हा प्रयोग करून पाहावा असं क्षणभर मनात आलं. केला नाही. करणाऱ्यानं करून, लिहून ठेवलेलं आहे. त्यासाठीच तर पुस्तकं असतात.

आणि पुस्तकांवर कीटकांचे उपकार काही थोडे नाहीत. युरोपात शतकानुशतकं ज्या काळ्या शाईनं लिहिलं गेलं, ती ओकच्या झाडावरच्या गाठी आणि हिराकस यांच्यापासून करत. या गाठी उठतात एका चिमुकल्या माशीनं झाडात अंडी घातल्यामुळे. पत्रं मोहोरबंद करायची लाख कीटकाचीच. कागद चिंध्यांपासून होत असे तेव्हा, १७१९ मध्ये, रेओम्यूर नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञानं गांधीलमाशीच्या पोळ्याकडे बोट दाखवलं. ही माशी लाकूड चावून कागद करते, मग आपल्याला का जमू नये? जमायला पुढे शंभरावर वर्षं लागली, ते सोडा. एवढं देऊन झाल्यावर वसुलीसाठी वाळवी आणि कसर येतात, त्याबद्दल फार कुरकुर करू नये. रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञानं १६६५ च्या आपल्या ग्रंथात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेली कसर चितारली आणि तिला काळाच्या दातांपैकी एक म्हटलं. माझ्याकडच्या जुन्या पुस्तकांत हे दात जागोजाग उमटलेले आहेत. एका कवितासंग्रहात तर नेमकं बरं कडवं तेवढं खाल्लं आहे. चोखंदळपणा वाखाणण्यासारखा.

कीटक ओळखण्याच्या मार्गदर्शिका हा मात्र वेगळाच मामला. त्यातला प्रत्येक कीटक स्वच्छ पानावर, पंख नीट पसरून, ओळखपत्राच्या फोटोला बसावा तसा बसलेला असतो. आपल्याला दिसतो तो पाठमोरा, अर्धा पानाआड आणि उडण्याच्या बेतात. वर्णन झालेल्या कीटकांच्या जातीच दहा लाखांच्या घरात आहेत म्हणतात, तेव्हा आपला पठ्ठ्या पुस्तकात नसण्याचीच शक्यता जास्त. पूर्वी मी फोटो काढला की आधी नाव शोधत असे. नाव मिळालं की जिवाला बरं वाटायचं आणि तिथेच पाहणं संपायचं. आता फोटो चार दिवस तसेच ठेवतो. आपली मराठी नावंसुद्धा कुणीतरी असंच रेंगाळून ठेवली असणार. पाण्याकाठच्या त्या सडपातळ, इवलंसं डोकं वर काढलेल्या किड्याला टाचणी म्हणणारा माणूस घाईत नव्हता. नाकतोड्याचं नाव ठेवणारा बहुधा रागात होता.

आठवडाभरात शेजारी शेजारी चार कोठड्या झाल्या. त्यांवर एक सरसकट गिलावा देऊन ती निघून गेली, परत आलीच नाही. मग नुसतं थांबणं. सव्वा महिना मी त्या फळीला धक्का लागू दिला नाही. शब्दकोशही अडकलेला, त्यामुळे त्या काळात मी लिहिलेल्या मजकुरातल्या शुद्धलेखनाची जबाबदारी कुंभारणीवर.

मग एका सकाळी मातीला गोल भोक दिसलं. दुसऱ्या दिवशी दुसरं. तिसरी माझ्या डोळ्यांदेखत बाहेर आली. आधी नुसते जबडे, मग डोळे आणि मिशा, मग ती अशक्य कंबर. चौथ्या कोठडीसाठी मी कॅमेरा लावूनच बसलो होतो. भोक पडलं ते जरा लहान. त्यातून जी बाहेर आली ती काळी नव्हती, पिवळ्या पायांचीही नव्हती. पाचूसारखी हिरवीनिळी, अंगभर बारीक खळगे, प्रकाश हलला की रंग बदलणारी. कोकिळेसारखी दुसऱ्याच्या घरात अंडं घालणारी माशी! कुंभारीण कोळी आणायला गेली असताना कोठडीचं तोंड उघडं असतं, तेवढ्यात हिची आई आत जाऊन आली असणार. अंडं हिचं, रसद दुसरीची.

पण कधी? मी तर तिथेच बसलो होतो. रात्री सगळे फोटो पुन्हा काढून पाहिले. पाचव्या दिवसाच्या एका फोटोच्या कडेला कोठडीच्या तोंडाशी हिरवा धूसर ठिपका होता. कादंबरीच्या पाठीवरच्या चकचकीत अक्षरांवर फ्लॅश परावर्तित झाला असावा, असं समजून मी तो फोटो खराब फोटोंच्या ढिगात टाकला होता. ऐंशी-ऐंशी फोटोंच्या त्या पसाऱ्यात कामाचा फोटो तेवढा तोच निघाला.

मित्र स्वतःच पुस्तक न्यायला आला. मातीची चार भोकं त्यानं उलटसुलट पाहिली, पाण्यानं पुसू का म्हटलं तर नको म्हणाला. शब्दकोशापासून सोडवताना पाठीचा थोडा कागद गेला. तो चहा संपवत होता, मी घाईघाईनं शेवटचं पान काढलं. रात्र आहे, पूर आलेला आहे आणि नायिका होडी वल्हवत नदीच्या मध्यावर पोचली आहे. होडीत ती एकटीच आहे आणि गाणं म्हणते आहे.